तोतयाचा होकार

“एवढंसं कॅलेंडर दाखवायला ह्याला आख्खं घर लागतं,” भाऊजी पडद्याला नाक लावून पुटपुटत होते. “कॅलेंडरला घड्याळ पाहिजे, घड्याळाला पहारेकरी पाहिजे, पहारेकऱ्याला घरजावई पाहिजे. घ्या, बसवा सगळ्यांना मांडीवर.”

 वहिनींच्या हातात एक कीबोर्ड होता, उलटा धरलेला, आणि त्या तो जुन्या वर्तमानपत्रावर आपटत होत्या. दर आपटीला काहीतरी पडत होतं. बिस्किटाचा चुरा, नखाचा तुकडा, केस, पुन्हा केस, कसला तरी पारदर्शक पंख. स्पेसबारखाली कधीतरी चहा सांडून वाळला होता. त्याचा काळपट, चिकट थर झाला होता आणि त्या थरात एक मुंगी रुतून बसली होती. वहिनींनी कानकोरणं स्पिरिटमध्ये बुडवून ती काढायला घेतली, तर आधी पाय आले, मग मुंगी.

त्यांनी कानकोरणं झटकन लांब फेकलं. वहिनींना स्वतःचंच नवल वाटलं. त्या पंधरा वर्षं लोकांची टाकाऊ मशीनं उघडत आल्या होत्या. आत झुरळांची अंडी सापडली, उंदराचं घरटं सापडलं, एकदा तर कोणाची तरी दाताची कवळी सापडली. त्यावर घरात आठवडाभर हसणं झालं होतं. किळस हा प्रकार त्यांच्या हातांनी केव्हाच सोडून दिला होता. आज मात्र हात धुवावेसे वाटत होते, आणि नुसते मनगटापर्यंत नाही.

घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं कामाचं ठिकाण. लांबलचक टेबल, भिंतभर फळ्यांवर कवच काढलेली मशीनं, स्पिरिटचा आणि तापलेल्या धुळीचा वास. खिडकीखाली वहिनींचे यजमान स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांचा डावा कान गेलेला होता, आणि घरात वाद सुरू झाला की ते खुर्ची फिरवून तोच कान पुढे करत. पडद्यासमोर बसलेले भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. ह्या सगळ्या कारभाराचे जनक.

कारभार म्हणजे ‘पाटी’. पाटी म्हणजे ह्या घराची स्वतःची लिनक्स, मशीन चालवणारी फुकट, खुली प्रणाली. लोक जी मशीनं म्हातारी झाली म्हणून फेकून देतात ती दादांनी दुरुस्त करायची, वहिनींनी धुवायची, त्यात पाटी भरायची, आणि वाचनालयांना, शाळांना, लहान कार्यालयांना देऊन टाकायची. पाटीवर पाच गावांतली पाच माणसं काम करत. सगळी फुकट, सगळी हौसेनं, आणि सगळी एकमेकांशी भांडून.

त्या भांडणांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: मशीनचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी उठतं कोण?

कोणीतरी एकजण आधी उठावा लागतो. मग तो बाकीच्यांना उठवतो. पाटीत हे काम एक जुना, अबोल प्रोग्राम करत असे. एकेकाच्या दाराशी जायचं, हाक मारायची, तो उठला की पुढच्या दाराशी. सगळे उठले की आपण कोपऱ्यात जाऊन गप्प बसायचं. भाऊजी त्याला ‘काका’ म्हणत. मग बाहेरच्या जगात एक नवा आला. तो सगळ्यांना एकदम उठवी, झटपट उठवी, कामाला वाघ होता. पण कोपऱ्यात बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आधी त्यानं रोजनिशी हातात घेतली. मग घड्याळ. मग बाहेर जायच्या दाराची किल्ली. मग घरात कोण आलं, कोण गेलं, कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय ह्याची वही. भाऊजींनी त्याचं नाव घरजावई ठेवलं. बड्या बड्या लिनक्सवाल्यांनी त्याला मानानं नेऊन घरात बसवला. पाटीच्या पहिल्या पानावर मात्र भाऊजींनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, ‘इथे घरजावई नाही.’ लोक ते वाचून पाटी घेत, असं भाऊजी म्हणत. वहिनींच्या अनुभवाप्रमाणे लोक मशीन मिळतं म्हणून पाटी घेत. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. भाऊजींचा चेहरा त्या वाक्यानं पडला असता.

अडचण आली ती डेस्कटॉपकडून. खिडक्या, चित्रं, मेन्यू, घड्याळ, म्हणजे सामान्य माणूस ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तो सगळा दर्शनी भाग. तो बनवणारी मंडळी निराळी, दूरची. त्यांनी हळूहळू प्रत्येक बारीकसारीक गोष्ट घरजावयालाच विचारायची सवय लावून घेतली. शेवटी डेस्कटॉप हटूनच बसला. तो घरात असेल तर मी येतो, नाहीतर नाही.

तेव्हा वहिनींनी युक्ती काढली. त्या काही कुठे शिकलेल्या नव्हत्या. एका कचेरीत फॉर्म टाइप करता करता, रात्रंदिवस दुसऱ्यांचे प्रश्न आणि तिसऱ्यांची उत्तरं वाचून जे जमलं ते जमलं. पण त्यांच्या एक लक्षात आलं होतं. पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी, एकमेकांना नुसती नावानं विचारतात. आत डोकावून कोणी बघत नाही. वहिनींनी एक पॅकेज बनवलं. त्याला घरजावयाचं नाव दिलं. आत काही नाही. अक्षरशः काही नाही. डेस्कटॉपनं दारावरचं नाव वाचलं, समाधानानं मान डोलावली, आणि आत येऊन बसला.

भाऊजी त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “वहिनी, तुम्ही तोतया उभा केलात!” तेच नाव पडलं. पाचही गावांतून वहिनींची पाठ थोपटली गेली. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘हुशार’ म्हटलं, तेही लेखी.

त्याला आठ वर्षं झाली. दर चार-सहा महिन्यांनी डेस्कटॉप म्हणे, आता मला अजून नवा घरजावई पाहिजे. वहिनी तोतयाचा आकडा वाढवत. आतलं शून्य तेच, वरचा आकडा दोनशे चोपन्नपर्यंत गेला. बदलांच्या नोंदीत काहीतरी लिहावं लागतं म्हणून त्या लिहीत, ‘रिकामेपणात बदल नाही.’ एका गृहस्थांनी तक्रार केली की रिकामं पॅकेज गरजेपेक्षा जास्त जागा घेतंय. भाऊजींनी त्यांना गंभीरपणे उत्तर दिलं की रिकामेपणा अजून बारीक कुटता येईल का ते पाहतो.

पुढे नुसतं नाव पुरेना. डेस्कटॉप प्रश्न विचारायला लागला. खुर्चीवर कोणी बसलंय का? हा माणूस खरा आहे का? मशीन बंद करू का? उत्तर आलं नाही की तो पंचवीस सेकंद रुसून बसे आणि मग कोसळे. म्हणून वहिनींनी तोतयाला बोलायला शिकवलं. एकच शब्द. हो.

बसलंय का कोणी? हो. खरा आहे का? हो. बंद करू? हो.

आणि एक प्रश्न होता, कुलूप लाव. माणूस उठून जाताना कुलपाचं बटण दाबतो, डेस्कटॉप पडदा काळा करतो आणि घरजावयाला सांगतो, कुलूप लाव. घरजावई खरंच लावतो. परत यायचं तर मग पासवर्ड द्यावा लागतो. तोतया म्हणे, हो, लावलं. पडदा काळाच राही. कोणी माऊस हलवला की सगळं जसंच्या तसं पुन्हा उघडं.

“धुऊन झालं का?” भाऊजींनी मान न वळवता विचारलं.

“कीबोर्ड धुतेय.”

“मशीनचं विचारतोय. नव्यानं भरून टाका. ताई यायच्या आत. स्वच्छ, कोरं.”

“वहीसकट?”

भाऊजींनी आता मान वळवली. “कोरं म्हणजे कोरं, वहिनी.”

टेबलावर उघडं पडलेलं मशीन आणि हा कीबोर्ड ताईंच्या केंद्रातले होते. केंद्र म्हणजे दुकानांच्या ओळीवरच्या दोन खोल्या. घरी मार खाणाऱ्या बायका तिथे येतात. ताई समोर बसून ऐकतात आणि टाइप करतात. कोणी काय केलं, किती वेळा केलं, आता कुठे राहते आहेस. गेल्या आठवड्यात एकीनं आपल्या बहिणीचा नवा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. समेट करायचा म्हणाला. अगदी नीट, पायांतलं बाहेर काढून बसला. ताईंनी कुलपाचं बटण दाबलं आणि पलीकडच्या खोलीत केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडे फॉर्म आणायला गेल्या. चार मिनिटं. त्याच रात्री तो बहिणीच्या दारात उभा होता.

शेजारी धावून आले म्हणून मार बसला नाही. पण ती बाई मुलीला घेऊन तिथूनही निघाली. आता ती कुठे आहे हे ती केंद्रालाही सांगत नाही.

मोठ्या बाईंचं म्हणणं, ताई कुलूप लावायला विसरल्या. पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, मी लावलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, लावलं असणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना फोन केला. मशीन आणून देते, म्हणाल्या, त्याला एवढंच विचारा, मी बटण दाबलं होतं का. आज बाराला त्या मशीन घ्यायला येणार होत्या. आणि चार वाजता त्यांना केंद्रात लेखी द्यायचं होतं, की चूक माझी. मग त्यांना त्या खुर्चीवर कोणी बसू देणार नव्हतं.

वहिनींनी काल संध्याकाळीच मशीनला विचारलं होतं. तोतयाच्या पोटात त्यांनीच कधीतरी, चुका शोधायला सोपं जावं म्हणून, एक वही ठेवली होती. कुठला प्रश्न आला, काय उत्तर दिलं, किती वाजता. त्या दिवशीचं पान सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पाच बारा. कुलूप लाव. हो, लावलं.

पाच तेरा. खुर्चीवर कोणी आहे का? हो.

पाच तेरा. हा माणूस खरा आहे का? हो.

वहिनींनी ती ओळ वाचली आणि त्यांना तो माणूस दिसला, ताईंच्या खुर्चीवर पुढे वाकून बसलेला, हात ह्याच माऊसवर. आणि मशीनच्या आत कोणीतरी त्याच्यासाठी नम्रपणे मान हलवतंय. ते ‘हो’ वहिनींच्या हातचं होतं. अक्षर न् अक्षर.

भाऊजींनी ते मागे उभं राहून वाचलं होतं. मग ते हात धुवायला गेले होते, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला होता.

आता फोन वाजला. मास्तर होते. दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवतात आणि पाटीत डेस्कटॉपचं पॅकेज सांभाळतात. भाऊजींनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“कळलं मला,” मास्तर म्हणाले. “फार वाईट झालं. पण एक लक्षात घ्या, मूळ दोष डेस्कटॉपवाल्यांचा. त्यांनी घरजावयाशिवाय पानच हलू दिलं नाही, म्हणून ही वेळ आली.”

“तेच म्हणतोय मी सकाळपासून,” भाऊजी म्हणाले.

“सकाळपासून कॅलेंडरला शिव्या देताय,” वहिनी म्हणाल्या.

“कॅलेंडर हे उदाहरण आहे, वहिनी.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “आपण काय केलं? आपण फक्त दार उघडं…” ते मध्येच अडखळले. फोनमधून शाळेची घंटा ऐकू आली. “म्हणजे, पर्याय उघडा ठेवला, असं म्हणायचंय मला.”

खिडकीखालून दादा म्हणाले, “पंख्यात पाल होती.”

“काय?”

“ताईंच्या मशीनच्या पंख्यात. मेलेली. वाळून चिपाड झालीय. पात्याला चिकटून नुसती गरगर फिरत होती इतके दिवस.” त्यांनी चिमट्यात धरून ती उजेडात धरली. शेपूट नव्हतं. “कुठे टाकू?”

“टाका हो कुठेही! मला कशाला दाखवता?” वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की दादांनी चांगला कान वळवला. ते पाल कागदात गुंडाळून, बायकोकडे बघत, मागच्या दारी गेले.

वहिनींना खरंतर पालीचं काही वाटलं नव्हतं. पाल बिचारी पाल होती. त्यांना किळस येत होती ती बोलण्याची. ‘मूळ दोष’, ‘तत्त्वाचा प्रश्न’, ‘पर्याय’. आठ महिन्यांपूर्वी ह्याच शब्दांचा चिखल झाला होता.

आठ महिन्यांपूर्वी एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचं पत्र आलं होतं, पाटीच्या सगळ्यांना. साधं, दोन ओळींचं. ‘कुलूप लावून पडदा काळा होतो, पण पासवर्ड न विचारताच पुन्हा उघडतो. माझंच काही चुकतंय का?’ त्यावर त्रेचाळीस पत्रं झाली. घरजावयाचा तो वहीवाला भाग तेवढा सुटा करून घेता येईल का. तो घेतला तर पहिल्या पानावरचं वाक्य खोटं ठरेल का. एकदा पाय आत घेतला की सगळं अंग येतं की नाही. एकानं लिहिलं, मग पाटी कशाला, सगळं गुंडाळा. दुसऱ्यानं लिहिलं, गुंडाळायला तुम्ही काय अंथरलंत. कुलपाबद्दल त्रेचाळिसांत एक ओळ नव्हती. शेवटी ज्यांच्या गळ्यात तोतया होता त्या वहिनींनी चव्वेचाळिसावं पत्र लिहिलं, ‘नोंद घेतली. पुढच्या आवृत्तीत पाहू.’ सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊजींनी रात्री जेवताना ‘छान आवरलंत’ म्हटलं होतं.

पुढच्या दोन आवृत्त्या निघाल्या. वहिनींनी आकडा वाढवला. रिकामेपणात बदल नाही.

बसून त्यांनी कुलूप करून बघितलं नव्हतं असं नाही. तोतयाला खरं बोलायला शिकवायचं तर त्याला खरंच बघावं लागतं, खुर्चीवर कोण आहे, कोण उठलं. म्हणजे तो घरजावई झालाच. दुसरं सोपं होतं, त्यानं ‘नाही’ म्हणायचं. कुलूप लाव. नाही, मला येत नाही. मग डेस्कटॉपनं पडदा काळाच केला नसता आणि लोकांना दिसलं असतं की कुलूप नाही. पण लोकांना दिसलं असतं. नेमकं तेच नको होतं.

“चला, माझा तास आहे,” मास्तर म्हणाले. “पण थांबतो मी फोनवर. ताई आल्या की मीही समजावतो. मुलं वाचत बसतील.”

वहिनींनी कीबोर्ड पुसून मशीनला जोडला आणि पाटी भरायचा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. ‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?’ खाली दोन चौकोन. वहिनींनी हा प्रश्न हजार वेळा बघितला असेल. ह्या मजकुराचं मराठीही त्यांनीच केलं होतं.

“दाबा,” भाऊजी हळूच म्हणाले. त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. घाबरलेला होता. पंधरा वर्षांत ह्या माणसानं पाटीशिवाय काही केलं नव्हतं. लग्न राहिलं, नोकरी सुटली. “वहिनी, चाळीस मशीनं बाहेर आहेत. एकदा हे बाहेर पडलं की संपलं सगळं. आपण ह्याच महिन्यात नीट करू. कोणाला न सांगता नीट करू. देवाशप्पथ.”

“आणि ताई?”

“ताई विसरल्याही असतील एखाद्या वेळी. माणूस विसरतो.”

“तुम्ही वाचलंत ना काल?”

भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. काच आधीपेक्षा मळकट झाली.

दारातून आवाज आला, “येऊ का? जरा लवकरच आले.”

ताई. पस्तिशीच्या असतील. केस रबरात कसेतरी बांधलेले, डोळे नुकतेच धुतल्यासारखे. बगलेत एक फाइल. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, समोरच्याला घाई आहे असं समजून बसतात तशा. दादा मागच्या दारानं परत आले आणि खिडकीखाली न जाता उभेच राहिले.

“पाणी?” वहिनींनी विचारलं.

“नको. सांगा ना.”

भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. सगळ्यात आधी कोण उठतं इथपासून. काका, घरजावई, डेस्कटॉपची दादागिरी, बड्यांचं राजकारण. बोलता बोलता त्यांना जोर चढला, हातवारे आले. दुसऱ्या कुठल्या दिवशी वहिनींना ते ऐकायला आवडलं असतं. भाऊजी गोष्ट छान सांगत. ताई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. त्यांचा धंदाच ऐकण्याचा. वहिनींच्या मनात आलं, ह्या बाई रोज असंच ऐकत असतील. समोर कोणीतरी जोरजोरात सांगतंय की हात उचलला तो का उचलावा लागला.

भाऊजींचं संपल्यावर ताई म्हणाल्या, “हे मला फार कळलं नाही. माझंच डोकं कमी. मी बटण दाबलं होतं का?”

“तसं, तांत्रिकदृष्ट्या, ठामपणे सांगता येत नाही.”

“मशीन लिहून ठेवत नाही का?”

“घरजावई ठेवतो. आमचे काका नाहीत ठेवत,” भाऊजी म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. वहिनींनी पुसलेल्या कीबोर्डवरून पुन्हा एकदा स्पिरिटचा बोळा फिरवला.

“ताई, अनेक शक्यता असतात,” टेबलावरून मास्तर म्हणाले. ताई दचकल्या. मग फोनकडे बघून सवयीनं “नमस्कार” म्हणाल्या.

“मी घरी सराव करतेय,” त्या वहिनींकडे वळल्या. “दोन दिवस. जेवायच्या टेबलावर. उठायचं आणि बोट तिथे जातं का बघायचं. जातं हो. दर वेळी जातं. मग वाटतं, त्या दिवशीच गेलं नसेल. तो माणूस इतका गोड बोलत होता, मला आतून भीती वाटत होती, त्या नादात राहिलं असेल.” त्या थोड्या हसल्या. “तुम्ही मागे माऊस बदलायला आला होतात ना, तेव्हा मी मुद्दाम दाबून दाखवलं होतं तुम्हाला. आठवतं?”

वहिनींना आठवत होतं. चार महिन्यांपूर्वी. ताईंनी बटण दाबलं होतं, पडदा काळा झाला होता, आणि त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, “बघा, तुम्ही शिकवलंत तसं. काळा झाला की निर्धास्त.” ग्रंथपाल बाईंचं पत्र तेव्हा चार महिने जुनं होतं. आणि वहिनी म्हणाल्या होत्या, “छान.” वर चहा घेतला होता. बिस्किट बुडवून.

कीबोर्डमधला तो चुरा त्यांचा स्वतःचाही असेल.

“ठीक आहे,” ताईंनी फाइल उघडली. “त्रास दिला तुम्हाला उगाच. तुम्ही तर ही मशीनं दिलीत म्हणून आमचं केंद्र चालतं. मी लिहून आणलंय, पण मोठ्या बाईंना एक शब्द पटला नाही.” त्यांनी कागद टेबलावर, केसांच्या आणि चुऱ्याच्या शेजारी ठेवला. स्वच्छ, एकसारखं अक्षर. “‘मी कुलूप लावायला विसरले असेन’ असं लिहिलं होतं मी. त्या म्हणाल्या, ‘असेन’ काढा. विसरले तर विसरले म्हणा, उगाच पळवाट ठेवू नका. बरोबरच आहे. मला वाटलं मशीननं काही सांगितलं तर… पण आता ते राहिलं. पेन आहे का कोणाकडे?”

 फोनमधून दूरवर एक मूल एकसुरात काहीतरी वाचत होतं आणि मास्तर त्याला थांबवत नव्हते. दादांनी वहिनींकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्यांनाही ठाऊक होतं तर. ह्या घरात डावा कानसुद्धा सगळं ऐकत होता.

भाऊजींनी खिशातून पेन काढलं. टोपण काढून, उलटं धरून, शिष्टाचारानं, दांडा ताईंच्या बाजूला करून पुढे केलं. पंधरा वर्षं ज्या हातानं दिवसरात्र लोकांसाठी फुकट काम केलं, तोच हात. त्याला साबणाचा वास येत होता.

ताईंनी पेन घेतलं. पहिल्यांदा कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढून शाई येते का बघितली. मग ‘असेन’वर टोक ठेवलं.

“खोडू नका ते,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले.

“गप्प बसा हो तुम्ही.” वहिनींनी ताईंच्या हाताखालून कागद ओढून घेतला. चिकट बोटांचे ठसे त्यावर उमटले. त्या ताईंकडे बघून बोलल्या, आणि बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा निघाला, बाजारात भाव सांगावा तसा. “तुम्ही विसरला नाहीत. पाच वाजून बारा मिनिटांनी दाबलंत तुम्ही ते बटण. रोज दाबत होतात. पण त्यानं कुलूप लागतच नाही, ताई. नुसता पडदा काळा होतो. आमच्या कुठल्याच मशीनवर कधी लागलंच नाही, आणि हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे.”